चितळांना मी बोलावलं

लोक विचारतात, हरणं सोडून तुम्ही कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात कशा आलात? मी म्हणते, गुडघे दुखतात. खरं सांगायला लागले की माझंच तोंड कडू होतं.

दिल्लीला लागून असलेल्या एका बागेत कुंपणाआड चाळीसेक चितळं होती आणि मी त्यांची डॉक्टर होते. नरांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, पण तिथली नवी शिंगं खुरटी, वाकडी यायची. नुसत्या हिरव्या चाऱ्यावर दुसरं काय होणार, डोंबल? खनिजं कमी पडत होती. बाजारातल्या तयार चाटण विटांना ही मंडळी नाकही लावेनात. मग लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये खनिज मिश्रण, मीठ, कोंडा आणि गूळ मळून मीच कुकरच्या डब्यांत विटा थापायला लागले. नवरा रोज विचारायचा, "यातलं वरण कुठलं आणि हरणांचं कुठलं?"

सकाळी वीट ठेवायची, "या रे बाळांनो, या" अशी हाक मारायची आणि लांब सरकायचं. दिवसभर हिंदी बोलून जीभ आंबायची, तिथे मी पोटभर मराठी बोलून घ्यायचे. आधी माद्या आल्या, मग पाडसं आणि सगळ्यांत शेवटी तो मोठा नर. महाभित्रा. माझ्या हातातून चाटायला त्याला दोन वर्षं लागली. पुढे त्याची शिंगं अशी भरली की लोक त्याचे फोटो काढायला यायचे, आणि मी शेजारी अशी उभी राहायचे की जणू मीच त्याला जन्म दिलाय.

मग नर फार झाले म्हणून काहींना जंगलात सोडायचं ठरलं. तेही भर जानेवारीत. तेव्हा नव्या शिंगांवर मखमल असते आणि आत रक्त खेळत असतं. धक्का लागला की मोडतात. शिंगं टणक होईपर्यंत, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत थांबा, असं मी बागेच्या साहेबांना लेखी दिलं.

"बिल्कुल, मॅडम," साहेब म्हणाले, "अभी तो सिर्फ आदत डालनी है."

हिरव्या कापडाच्या दोन भिंती उभ्या केल्या होत्या, पुढे निमुळत्या होत ट्रकपर्यंत जाणाऱ्या. हरणं तिकडे फिरकेनात. साहेब म्हणाले, "आपही बुलाइए. आपकी बात मानते हैं." मला मेलीला तेवढ्यानेच फुगायला झालं. दोन दिवस मी आत वीट ठेवली, हाक मारली, ती आली, चाटून परत गेली. आत शिरायच्या तोंडाशी फाटक होतं, ते उघडंच राहिलं. तिसऱ्या दिवशी पाच नर आत गेले, आणि माझी हाक संपायच्या आत फाटक बंद झालं.

चार जण थरथरत एका कोपऱ्यात दाटले. मोठा नर मात्र कापडावर धडका देत राहिला. मी "खोलो, खोलो" ओरडत होते, माणसं साहेबांकडे बघत होती आणि साहेब मोबाइलकडे. एक शिंग मुळापासून मोडलं. रक्त डोळ्यात उतरलं तरी तो थांबेना. फाटक उघडून मी आत शिरले तेव्हा तो आडवा झाला होता. उरलेल्या चौघांना घेऊन ट्रक गेला.

अहवालात हृदय बंद पडून मृत्यू लिहा, असं साहेबांनी सांगितलं. मेल्यावर हृदय बंद पडतंच, तेव्हा ते खोटंही नव्हतं. मी सही केली. नवरा एवढंच म्हणाला, "तू तरी करायची नव्हतीस गं." तो बोलला ते मला लागलं, कारण खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वीट नेली नाही. हाकही मारली नाही, नुसती कुंपणाशी उभी राहिले. तरी माद्या आल्या, पाडसं घेऊन. एकीने माझा रिकामा तळहात चाटला. मला बघून त्या पळाल्या असत्या, तर मी ती नोकरी कदाचित सोडली नसती.