सॅमसनकाकांनी फिरवलेले कमोड

क्लायंटचा इंजिनियर कमोडच्या बंद झाकणावर बसला, तेव्हा मला वाटलं, माणूस दमला असेल. सकाळपासून आम्ही घराघरातून हिंडत होतो. हँडओव्हरचा दिवस होता. हँडओव्हर म्हणजे मालकाच्या माणसाने बांधलेलं घर तपासून ताब्यात घ्यायचं. दारं नीट लागतात का, नळाला पाणी येतं का, लादी कुठे पोकळ वाजते का, असलं सगळं बघायचं. फहद हा तरुण सौदी इंजिनियर एरवी फार सभ्य. पण त्या बाथरूममध्ये तो बसला, समोरच्या भिंतीकडे बघत राहिला आणि चटका बसल्यासारखा उठला.

"या भिंतीच्या पलीकडे काय आहे?" त्याने विचारलं.

"बेडरूम," मी म्हटलं.

"त्याच्याही पलीकडे?"

मी कंपाउंड वॉल म्हणणार होतो, तेवढ्यात तोच म्हणाला, "मक्का."

मुसलमान ज्या दिशेला तोंड करून नमाज पढतात, ती मक्केची दिशा म्हणजे किब्ला. संडासात बसताना त्या दिशेला तोंड करायचं नाही आणि पाठही करायची नाही. सौदीत घराचा नकाशा काढणारा हे सगळ्यात आधी बघतो. आमच्या आर्किटेक्टनेही बघितलं होतं. ड्रॉइंगमध्ये प्रत्येक कमोडचं तोंड समुद्राकडे, म्हणजे किब्ल्याशी काटकोनात होतं. जागेवर मात्र घरांच्या पहिल्या अख्ख्या रांगेत ते किनाऱ्याच्या रस्त्याला समांतर बसवलेले निघाले. आणि आमची साइट होती त्या थुवाल गावचा तो रस्ता दक्षिणेला जातो तो जवळजवळ मक्केचाच नेम धरून.

तिथे तेव्हा वाळूतून शहर उठत होतं. आज जिथे उंट बसलेला दिसायचा तिथे पुढच्या हिवाळ्यात शाळा दिसायची. बांधणारे आम्ही सगळे बाहेरचे. गवंडी रत्नागिरीचे, सुतार राजापूरचे, प्रोजेक्ट मॅनेजर नायरसाहेब केरळचे. मी साइट इंजिनियर म्हणून इथे आलो तेव्हा पाइप टाकून स्लॅब ओतून झाला होता, त्यामुळे या पापात माझा वाटा नव्हता. हे मी नायरसाहेबांना पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं.

ते म्हणाले, "देसाई, वो प्लंबिंग फोरमन कौन है? उसका फायनल एक्झिट बनाओ." फायनल एक्झिट म्हणजे कायमचं घरी.

फोरमन होते सॅमसनकाका. अलिबागजवळचे, बेने इस्राएल. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाकडे त्यांना शनिवार तेली म्हणत. सौदीत तेव्हा आठवडा सुरूच शनिवारी व्हायचा. त्या दिवशी काका पान्याला हात न लावता खिशात हात घालून नुसतं सुपरव्हिजन करायचे. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावर, आम्हा दोघांच्याही नावापुढे 'मुस्लिमेतर' एवढंच होतं. त्या एका शब्दात आम्ही दोघेही सुखाने मावत होतो. त्यांचा भाऊ इस्राएलला जाऊन घरं बांधत होता. "तो एका वाळवंटात, मी दुसऱ्या. आमच्या आईने वाळूच जन्माला घातली," असं काका म्हणायचे. बायकामुलांना घेऊन तेही तिकडेच जाणार होते. तिकडची परवानगी येईपर्यंत घर या नोकरीवर चाललं होतं. मधेच घरी पाठवलं असतं तर सगळंच फिसकटलं असतं.

मी त्यांना स्टोअरच्या मागे गाठलं. कमोड का फिरवले म्हणून विचारलं.

"साहेब, तोंड समुद्राकडे होतं ना," ते समजुतीच्या सुरात म्हणाले.

"मग?"

"मग काय? आमच्या गावात मुसलमानाघरचा संडास बांधायचा तर समुद्राची बाजू सोडायची. बारकी पोरंसुद्धा सांगतील. ड्रॉइंगवाला कोण गोरा होता. त्याला काय कळतंय? मी मुकाट्याने सरळ करून घेतलं."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अलिबागहून मक्का समुद्रापलीकडे, पश्चिमेला. काका तोच समुद्र डोक्यात घेऊन इथवर आले होते. पण इथला समुद्र पश्चिमेला असला तरी मक्का त्याच्यापलीकडे नव्हती. ती जमिनीवरच होती, आमच्या दक्षिणेला.

"अहो, कोणाला विचारायचं तरी."

"देवाधर्माचं विचारायला गेलो की समोरचा उलट मलाच विचारतो, तुझं काय," काका म्हणाले. "म्हणून मी तो विषयच काढत नाही."

हे मात्र खरं होतं. मी लादीवाल्या हसनभाईंनाही विचारलं. ते रत्नागिरीचे, पाच वेळचे नमाजी. त्यांना पाइपाचं भोक बघूनच शंका आली होती. पण पाइप प्लंबरचा, आपण लादीवाले, असं म्हणून त्यांनी त्याच्याभोवती सुंदर लादी बसवून दिली होती.

दुपारी नायरसाहेबांच्या केबिनमध्ये पेशी झाली. फहदने काकांना स्वतः विचारलं. काकांनी मोडक्या हिंदीत गावचा समुद्र, गावची मशीद, गावचे संडास, सगळं सांगितलं; मी ते फहदला इंग्रजीत करून देत होतो. फहद शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तू मुसलमान?"

"नाही."

"हिंदू?"

ज्यू माणूस इथे काम करतो हे कळलं तर काय होईल, ते आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि आजमावून बघायची हौस तर मुळीच नव्हती. खोटं बोलणं काकांच्या जिवावर यायचं. त्यांनी क्षणभर छताकडे बघितलं.

"मी अलिबागचा," ते म्हणाले.

अलिबागहून आलेल्या माणसाला आपल्याकडे काय समजतात, ते फहदला माहीत नव्हतं म्हणून बरं. त्याने मान डोलावली. अलिबाग हाही एखादा धर्म असावा अशा आदराने डोलावली.

"तुझा धर्म नाही, तरी शेजाऱ्यांचा म्हणून तू हे लक्षात ठेवलंस?"

"शेजारी ते शेजारीच ना, साहेब."

फहद हसायला लागला. नायरसाहेबांना म्हणाला, "याला घालवू नका. माझे शेजारी माझ्यासाठी गाडीसुद्धा सरकवत नाहीत. याने माझ्यासाठी अख्खी रांग फिरवली. फक्त आता परत फिरवायला सांगा."

परत फिरवली. हसनभाईंची सुंदर लादी फोडली, पाइप हलवले, नवी लादी बसवली. सुट्टीच्या शुक्रवारी काम करायला काका एका पायावर तयार होते. शनिवारचं काय ते मी सांभाळून घेतलं.

काका पुढे दोन वर्षं त्या साइटवर टिकले आणि मग ठरल्याप्रमाणे भावाकडे गेले. मी शिकलो ते एवढंच, की समोरच्याच्या देवाची दिशा आपल्या गावावरून ठरवू नये.

मी पुण्याला परतल्यावर एकदा त्यांचा फोन आला. समुद्रकाठचं शहर आहे, म्हणाले, रोज एक इमारत वर येते, प्लंबरला मरायला फुरसत नाही. मी विचारलं, दिशा विचारून पाइप टाकता ना?

"पाइपाचं सोडा, साहेब. पहिल्याच शनिवारी इथल्या सिनेगॉगात प्रार्थनेला गेलो. जन्मभराची सवय. उभा राहिलो समुद्राकडे तोंड करून. आम्ही तोंड करतो जेरुसलेमकडे; गावाहून ते समुद्रापलीकडे, इथे पूर्वेला. सगळी मंडळी एकीकडे आणि मी एकटा त्यांच्याकडे बघतोय."

"मग?"

"एका म्हाताऱ्याने खांद्याला धरून फिरवला. मला फिरवायला लादी फोडावी लागली नाही."