धोंडाबाईचे दोन गलास

जिलानी म्हणजे आलेलं गिऱ्हाईक हाकलून लावणारा दुकानदार. लातुरात गंजगोलाईच्या मागं त्याचं टीव्ही-टेप दुरुस्तीचं दुकान. पुढं शहरात क्लासेसचं पीक आलं, लोकांच्या हातात पैसा खेळू लागला, तसा तो होम थिएटरही विकायला लागला. पण विकायची रीत उफराटी. "हे नका घेऊ, सहा महिन्यांत बोंबलेल," असं तोंडावर सांगायचा. बायको आबेदा म्हणायची, "खरं बोलून पोट भरलं असतं तर आपला मजला चढला असता." तरी लोक त्याच्याकडंच यायचे. त्यानं 'हाव, घ्या' म्हटलं की डोळे झाकून घ्यायचं.

२००५ च्या थंडीत शेषेराव सर आले, क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारे. त्यांच्या अटी ऐकून जिलानी चक्रावला. स्वस्त पाहिजे, सगळं एकाच सेटमध्ये पाहिजे, हळू लावलं तरी शब्द न् शब्द कळावा, आणि रात्रभर चालून तापू नये.

"रात्रभर? सर, पेपर तपासता का पिक्चर बघता?"

सर हसले नाहीत. डोळे लालभडक, बसल्या बसल्या डुलकी. रात्री दारू घेत असतील, जिलानीच्या मनात आलं. दुसऱ्याबद्दल वाईट सुचायला वेळ लागतो होय! त्यानं तीन सेट नाकारले आणि चौथा घेऊन सरांच्या घरी गेला.

घरात सरांची आई, धोंडाबाई. त्र्याण्णवच्या भूकंपात औसा तालुक्यातलं त्यांचं घर बसलं. नवरा गेला, लेक गेली. तेव्हापासून ती स्लॅबखाली झोपली नव्हती. अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत उशाशी फळीवर एक स्टीलचा गलास उभा, त्याच्या तोंडावर दुसरा उपडा. जमीन हलली की वरचा पडणार, आवाजानं जाग येणार. त्या भागात कैक घरांत अशी राखण असायची. महिन्यापूर्वी तिची छाती भरली. थंडीत राहिली तर वाचायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा कुठं ती आत आली. गलास घेऊनच आली.

"जिलानीबाबा, तुझ्या डब्यानं माझा गलास पडला तर मी चालले बाहेर," तिनं आधीच सांगितलं.

जिलानीनं आवाज हळूहळू वाढवला. एक हात गलासांच्या फळीवर होता. फळी थरथरायला लागली. गलास ढिम्म. आणखी वाढवला. खिडकीची काच वाजू लागली. गलास ढिम्मच.

"चांगला हाय की रे!" म्हातारी खुलली.

जिलानीनं मात्र वाकून गलासांची कड न्याहाळली. त्यानं सरांकडं बघितलं. सरांनी आईच्या पाठीमागून हात जोडले. आता गप बसलं तर सेट खपतो, म्हातारी उबेत राहते, कुणाचं काही बिघडत नाही. पण खरंच जमीन हलली तर? त्र्याण्णवला त्यानं दोन दिवस मलबा उपसला होता. त्याला राहवलं नाही.

"मावशी, डबा चांगला हाय. गलास खोटे हायेत." त्यानं वरचा गलास उचलला. खालचा त्याला चिकटून वर आला.

धोंडाबाईनं दोन्ही हातात घेतले, कडेचा डिंक नखानं खरवडून बघितला आणि अंथरूण गुंडाळायला लागली. छातीतली घरघर जिलानीला ऐकू येत होती.

"माय, ऐक की," सर म्हणाले. "रस्त्यावरच्या ट्रकनंच पडायचे गं ते. पहिल्या रातीला तीनदा तू थंडीत बाहेर पळालीस."

"म्हणून महिनाभर मला फसवून झोपवलंस? अन् राखण कुणी केली?"

सरांनी लाल डोळे चोळले. "मी केली. रोज जागाच हाय. आता नुसत्या टीव्हीपुढं डोळा लागून राहिला, म्हणून तर जागं राहायला हा डबा आणला."

जिलानीला मघाच्या विचाराची लाज वाटली.

म्हातारीनं गुंडाळलेलं अंथरूण परत पसरलं. "ये. पड हितं."

"माय, आता पाचला क्लास हाय."

"पड म्हणते ना."

सर आडवे झाले आणि तिनं पांघरूण घालेपर्यंत घोरायलाही लागले. ती उशाशी भिंतीला टेकून बसली, वर स्लॅबकडं बघत.

"हे घेऊन जाऊ का, मावशी?" जिलानीनं दबक्या आवाजात विचारलं.

"राहू दे. अर्धी रात तो जागंल, अर्धी मी. चालू कसं करायचं, तेवढं दाखव मला."