आज जेवायला किती?

आमच्या फॉर्मवाल्या बाई कुणाच्या अंगणात शिरल्या की आधी दोरीवर वाळत घातलेले कपडे बघायच्या, माणसांकडे नंतर. आम्हा मुलींना त्याची फार लाज वाटायची. खरं तर त्या रत्नागिरीला कॉलेजात समाजशास्त्र शिकवत. पण छापील फॉर्म घेऊन गावोगाव हिंडायच्या, म्हणून खेड्यांतल्या बायकांनीच त्यांचं हे बारसं करून टाकलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पुरुष मुंबईला गेल्यावर मागे राहिलेली घरं कशी चालतात, याची पाहणी बाईंनी हाती घेतली आणि तिच्यासाठी पाच मुली निवडल्या. त्यात माझा नंबर लागला. वर्गात तोंड न उघडणारी मी घरी मात्र उठताबसता ‘आमचं संशोधन’ म्हणून आईला वीट आणू लागले.

बाई सांगलीकडच्या. त्यांचा एक नियम होता. घरच्या बाईने दिलेलं गूळपाणी घेतल्याशिवाय पिशवीतून फॉर्म काढायचा नाही. “पाणी न पिता प्रश्न विचारतो तो पोलीस,” असं म्हणायच्या. दुपारपर्यंत इतका गूळ पोटात जाई की डबा तसाच घरी परत यायचा.

पहिल्या फेरीत सगळ्यांच्या आधी माझे तीस फॉर्म भरून झाले. बाईंनी शाबासकी दिली नाही. त्यातला एक उचलून मला घेऊन त्या भागीरथीकाकूंच्या घरी निघाल्या. फॉर्मवर माणसं सात. बाईंनी दोरीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “पाच पुरुष लिहिलेस, आणि वाळत एक सदरा नाही गं?”

‘घरात माणसं किती?’ असं विचारून मी उत्तर लिहीत गेले होते, आणि सगळ्यांनी मुंबईचे धरूनच सांगितलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. माझे वडील बोटीवर, वर्षातले नऊ महिने समुद्रावर. तरी आम्ही स्वतःला पाचच म्हणत आलो होतो. ज्यासाठी पाहणी होती, तेच माझ्या तिसांपैकी एकाही फॉर्मात नव्हतं.

“काकू, मुंबईचे सोडून सांगा,” बाई म्हणाल्या.

काकू भडकल्या. “सोडून कशी सांगू? मुंबयला हायत म्हणून काय ते घरातले नायत?”

“चुकलं माझं,” बाई लगेच म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “आज जेवायला किती?”

“मी नि सून. दोघीच.” काकू बाईंजवळ येऊन टेकल्या. “हा असा कोनी इचारलान नाय कदी.”

परतताना मला रडू फुटलं. “बाई, मी उद्यापासून येत नाही. मला नाही जमायचं हे.”

“खोटं लिहिलंस का तू? नाही ना? मग तीसही घरं पुन्हा कर. दोन रकाने पाड, घरचे किती आणि जेवायला किती. दोन्ही आकडे खरे आहेत, हे तुझ्या फॉर्मांशिवाय मला बाहेरच्या बाईला कळलंच नसतं.”

त्या संध्याकाळी आईला तोच प्रश्न विचारायचा धीर मला झाला नाही. ती चार ताटं मांडत होती. मी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं आणि गलबलून आलं. कॉलेजच्या तीन वर्षांत मी एवढं दुसरं काही शिकले नाही.

पंधरा दिवसांत मी तीसही घरं पुन्हा केली. उन्हाळ्यात बाईंना कोल्हापूरला नोकरी मिळाली. आम्ही पाचही जणी त्यांना एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. गाडीच्या खिडकीतून त्यांनी मला जवळ बोलावलं.

“जूनमध्ये नव्या मुली येतील. काम आता दुसरे सर बघतील, पण मुलींचे फॉर्म तू तपासायचेस. सरांना मी सांगून ठेवलंय.”

“मी? बाई, माझे तर तीसच्या तीस चुकले होते!”

“म्हणून तर तुला सांगतेय,” बाई म्हणाल्या, आणि गाडी सुटली.