डब्यातला खाऊ आणि आईचा सूर

माझ्यात काहीतरी दडलेलं आहे, याबद्दल आईची खात्री होती. शाळेच्या पालकसभेत मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या की प्रत्येक मुलात एखादा गुण असतोच, तो फक्त शोधावा लागतो. इतर बायका ते ऐकून घरी गेल्या आणि त्यांनी भाजी फोडणीला टाकली. आमच्या आईने शोधायलाच घेतलं.

आधी रांगोळी झाली. मी काढलेल्या मोराला गल्लीतल्या पोरी कोंबडी म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर ती कोंबडीच दिसत होती. मग धावण्याची शर्यत. तीत मी अर्ध्यावर थांबले, कारण बाजूच्या झाडावर कसलासा पक्षी ओरडत होता आणि मला तो ऐकायचा होता. वडील पाटबंधारे खात्यात होते. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "पोरगी पोटभर जेवते, गाढ झोपते. आणखी काय गुण पाहिजे?" आई त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

शेवटी तो गुण सापडला गुलाबाईत. ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल, आम्ही जळगावला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. भाद्रपदातल्या पौर्णिमेला घरोघरी गुलाबाई, म्हणजे पार्वतीची मूर्ती, बसायची आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी आम्ही मुली टिपऱ्या घेऊन या घरून त्या घरी गाणी म्हणत फिरायचो. गाणी संपली की खाऊ. पण तो सरळ हातावर पडायचा नाही. घरातली बाई झाकण घट्ट लावलेला डबा हलवून दाखवायची आणि आत काय आहे ते आम्ही ओळखायचं. गोड का तिखट, एवढंच विचारायची मुभा. चिवडा, लाडू, शंकरपाळे, अशी पोरींची यादी सुरू व्हायची आणि बाई मजेत मान हलवत राहायच्या.

मला ती यादी लागायची नाही. मुरमुरे कसे सळसळतात, फुटाणे कसे टणटणतात, शेवेचा चुरा तळाशी कसा फिरतो, हे मला स्वच्छ ऐकू यायचं. शेजारच्या अक्का अमळनेरकडच्या. माझी ही कीर्ती ऐकून एकदा त्यांनी खाऊ फडक्यात गच्च बांधून डब्यात कोंबला. मी कान लावला आणि म्हणाले, "बत्तासे आहेत. फडक्यात बांधलेत."

अक्का मटकन खालीच बसल्या. "माय वं! बठ्ठं वळखी लेस ही पोर! हिना कान शे का काय शे?"

ते वाक्य आईने ऐकलं आणि माझं भविष्य ठरलं. एवढा तयार कान, म्हणजे गळाही असणारच! दिवाळी होताच तिने मला जुन्या गावातल्या एका बाईंच्या गाण्याच्या क्लासला घातलं.

गळा नव्हता. अजिबात नव्हता. बाई शांत स्वभावाच्या होत्या, पेटीवर सूर धरून पुन्हापुन्हा म्हणायला लावायच्या. माझा आवाज वर चढताना हमखास एका ठिकाणी घसरायचा. बेसूर गाणाऱ्या बाकीच्या मुली बऱ्या, त्यांना पत्ताच नसायचा. माझा चुकलेला सूर मात्र सगळ्यांत आधी मलाच ऐकू यायचा, आणि तो दुरुस्त करणं काही केल्या जमायचं नाही. हळूहळू मला ऐकण्याचाच कंटाळा येऊ लागला. पूर्वी मी पिठाच्या गिरणीसमोर नुसती उभी राहून पट्ट्याचा आवाज ऐकायची. आता तिथून जाताना कानांवर हात ठेवायची.

घरी सराव घ्यायला आई बसायची. कणीक मळता मळता ती माझी ओळ म्हणून दाखवायची, "अशी म्हण गं, सोपी तर आहे." तिला खरोखर सोपी होती. माझी घसरण्याची जागा ती सहज चढून जायची आणि तिला त्याचं काही वाटायचंही नाही.

पुढच्या वर्षी गुलाबाई बसली, तेव्हा मी माझ्यापुरता उपाय शोधून ठेवला होता. अक्कांकडे गाणी झाली, सगळ्या पोरींनी डबा माझ्याकडे सरकवला. मी हलवला, कान लावला आणि म्हणाले, "नाही ओळखता येत."

अक्कांचा चेहराच उतरला. माझ्यासाठीच त्यांनी दिवसभर खपून काहीतरी केलं होतं. आई दारात उभी होती. तिने मला घरी आल्यावर जवळ बसवलं.

"काय होतं डब्यात?"

"शेंगदाण्याची चिक्की."

"मग सांगितलं का नाहीस?"

मला रडूच फुटलं. "ओळखलं की तू म्हणतेस हिला कान आहे. कान आहे म्हणून गायला लावतेस. मला कानच नको!"

आईचा हात माझ्या पाठीवर होता तो तसाच राहिला. नंतर तिने मला इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगड्या मला रुतल्या. "नको गाऊ," ती म्हणाली. "कधीच नको गाऊ. उद्या जाऊन बाईंना सांगून येऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. आई ओशाळून बोलत होती, की पोरीला झेपत नाही, माझंच जरा चुकलं. बाई म्हणाल्या, "घरी सराव होत होता ना?"

"होत होता," मी मध्येच बोलले. सुटका होणार म्हणून मला धीर आला होता. "पण बाई, आईचंच बरोबर येतं. माझी चुकायची जागा तिची कधीच चुकत नाही."

"काहीतरीच हिचं!" आई म्हणाली. "मी आपली सोबत म्हणून म्हणते."

बाईंनी पेटी पुढे ओढली. "म्हणा बरं."

आईने पदर सारखा केला, दाराकडे पाहिलं. शाळेत आमच्या बाईंशी भांडायला न भिणारी माझी आई, इतकी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. पहिली ओळ कापरी आली. दुसरीला आवाज बसला. मग ती जागा आली, मी श्वास धरून ऐकत होते आणि आई ती चढून गेली. बाईंची बोटं पेटीवर थांबली, आई मात्र एकटीच म्हणत राहिली. मला इतका आनंद झाला की काय सांगू! वर्षभराने मला पुन्हा काहीतरी ऐकावंसं वाटत होतं.

"कुठे शिकलात?" बाईंनी विचारलं.

"छे हो. धुळ्याला आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, मुलींचा आवाज बाहेर ओट्यावर गेलेला चालायचा नाही."

"बरं, मग इथे कोण आबा बसलेत?" बाई म्हणाल्या.

परतताना आई नुसती भराभर चालत होती. मला तिच्यामागे जवळजवळ पळावं लागत होतं. घरात पाऊल टाकताच वडिलांनी पेपराआडून विचारलं, "झाला का पोरीचा क्लास बंद?"

"झाला," आई म्हणाली. "उद्यापासून मी जाणार आहे."

पेपर खाली आला. "तू? आणि स्वयंपाकाचं काय?"

"तुम्ही पोळ्या करून बघा," आई चपला काढत म्हणाली. "कुणी सांगावं, तुमच्यातही काही दडलेलं असेल."