पाकिटातले सुटे पैसे

हिशोबात माझा हात कोणी धरू शकत नाही, अशी माझी घमेंड होती. शहापूरच्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवतेय, उगाच नाही. रमजान लागला की वर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशाचा चाळिसावा भाग काढायचा. ती जकात. त्यात एक रुपया इकडचा तिकडे नाही. अल्लाचा हिशोब चोख हवा, असं नवऱ्यालाही ऐकवायचे.

माझी सगळी जकात धाकट्या बहिणीला जायची. ती धसईला राहते, विधवा आहे, ब्लाउज शिवून मुलीला शिकवते. आईबापाला जकात देता येत नाही, गरजू बहिणीला देता येते. पण ती जकात आहे हे तिला सांगायची सोय नव्हती. नवरा गेला त्या महिन्यात मशिदीच्या जमातीने तांदळाची गोणी पाठवली, ती हिने उंबऱ्यावरूनच परत केली. म्हणून मी पाकिटावर 'ईद मुबारक' लिहायचे आणि भाचीच्या कपड्यांसाठी ईदी, म्हणजे ईदची भेट, म्हणून द्यायचे. सहा वर्षं असंच चाललं.

यंदाही पाकीट पर्समध्ये टाकून दुपारी तिच्याकडे गेले. पर्सची चेन उघडते तोच ती म्हणाली, "आपा, माझी पण जकात काढून दे गो. मला तुज्यासारखा हिसाब जमत नाय."

पाकीट पर्समध्येच ठेवून मी हिशोबासाठी मोबाइल काढला. तिने बँकेचं पासबुक पुढे केलं. भाचीच्या नर्सिंगच्या फीसाठी साठवलेले एक लाख त्र्याहत्तर हजार सहाशे.

"कधीपासून आहेत?"

"गेल्या रमजानच्या आधीपासून. हात नाय लावला."

साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढा पैसा ज्याच्याकडे वर्षभर पडून आहे त्याने जकात द्यायची, घ्यायची नाही. म्हणजे गेल्या वर्षीचं माझं पाकीट चुकीच्या हातात गेलं होतं. ते पुन्हा भरेन, त्याचं काही नाही. पण पर्समधलं? द्यावं तर गुन्हा, न द्यावं तर ती कारण विचारणार. आणि कारण कळलं की सहाही वर्षांचे पैसे माझ्या तोंडावर मारून ही पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. मला खरंच भीती वाटली.

"काय झाला? मोबाइल बंद पडला काय?"

"चार हजार तीनशे चाळीस," मी कसंबसं म्हटलं.

ती उठली, कपाटातून पैसे आणले. शेजारी एक म्हातारी खाला एकटी राहते, तिला द्यायचे होते. पाचशेच्या दहा नोटा तिने मोजून पाकिटात घातल्या.

"सहाशे साठ जास्त झाले," सवयीने माझ्या तोंडून गेलं.

"होऊ दे. ईदी म्हणून देणार मी. खालाला कळाया नको." पाकीट चिकटवताना तिने वर पाहिलं नाही. "ईदी पुऱ्या नोटांची असते, आपा. तुजा पाकीट पहिल्या वर्षापासून वाजायचा."

माझा चेहरा तापला. सहा वर्षं मी हिच्या हातावर दोन-दोन रुपयांची नाणी ठेवत होते, आणि ही 'अल्ला बरकत देवो' म्हणून घेत होती.

"मग घेतलीस कशी?"

"गोणी सगळ्या आळीदेखत आलेली. तू निदान लपवायला तरी बघत होतीस." तिने माझी उघडी पर्स बंद करून माझ्या मांडीवर ठेवली. "ह्या वर्षाचा दुसऱ्या कोणाला दे. पण सुटे काढ त्यातले."