खंडेनवमीला बंद केलेलं यंत्र

"शहागड, शहागड, कंट्रोल. पातळी सांगा. ओव्हर."

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. वायरलेसवर ही विचारणा तिसऱ्यांदा आली होती आणि माझ्याकडे सांगायला आकडा नव्हता. आकडा देणारं यंत्र समोर टेबलावरच होतं. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं, वर झेंडूचा हार होता, आणि ते बंद होतं. मीच बंद केलं होतं.

आमच्याकडे ऊन पडलं होतं. पण वर पाऊस झाला होता आणि ओढ्यांचं पाणी गोदावरीत उतरतंय, असा निरोप एक पन्नासला आला होता. खिडकीतून मला नदीचं पात्र दिसत होतं. पुलाजवळ वाळूवर अकरा ट्रक उभे होते. हायवेवरचे ड्रायव्हर खंडेनवमीला गाड्या नदीत उतरवून धुतात आणि मग पूजा करतात. वाळू आणि काठ यांच्यामध्ये एक सखल पट्टा आहे. पाणी आधी तिथं भरतं. वाळूवरच्या माणसाची पाठ त्या बाजूला असते, त्याला ते कळत नाही.

"कंट्रोल, शहागड. यंत्र बंद आहे. ओव्हर."



"कधीपासून? ओव्हर."

"एक पंधरापासून. ओव्हर."

"कुणी बंद केलं? ओव्हर."

"मी. ओव्हर."

मी होमगार्ड. माझी शाळा चौथीपर्यंत. एक्क्याऐंशी साली भरती झाले तेव्हा आमच्या तुकडीत आम्ही पाच बायका होतो. परेड केली, लाठी शिकले, थ्री-नॉट-थ्री रायफल चालवली. राजूरच्या गणपतीला अंगारकीची गर्दी आवरली, मंठ्याच्या बाजारात बंदोबस्त केला. पुढं सेक्शन लीडर झाले. ही गोष्ट दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी घडलेली. तेव्हा पावसाळ्यापासून दसऱ्यापर्यंत माझी ड्यूटी शहागडच्या पूरखोलीवर असायची.

पूरखोली म्हणजे नदीकाठच्या उंचवट्यावरची एक खोली. आत वायरलेस सेट, भोंग्याचा खटका आणि हे यंत्र. साहेब लोक त्याला सर्व्हर म्हणत. लोखंडी ट्रंकेएवढं, मळक्या दुधाच्या रंगाचं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. पुलाच्या खांबाला लावलेल्या नळीपासून एक वायर त्याच्यापर्यंत येत होती. दर पंधरा मिनिटांनी प्रिंटर कर्रकर्र करून एक ओळ छापायचा, वेळ आणि पाण्याची पातळी. तोच आकडा फोनच्या तारेवरून कंट्रोलला जायचा. पाणी दोन मीटरवर गेलं की घंटा वाजायची. अक्षरं इंग्रजी होती, पण आकडे मला वाचता येत होते. तेवढं पुरत होतं.

नवा कॉम्प्युटर दोन वर्षांपूर्वीच आला होता, रंगीत. पण जुन्यातला प्रोग्राम नव्यावर चालत नव्हता आणि तो प्रोग्राम लिहिणारी कंपनी बंद पडली होती. म्हणून नव्यावर पत्रं टाइप व्हायची, पत्ते खेळले जायचे, आणि नदी जुनाच बघायचा. तपासणीला येणारे इंजिनिअर त्याला बघून हसायचे. "अजून चालू आहे का हे?" म्हणायचे. मोठी माणसं, पण त्याच्या पाठीवरून हात फिरवायची, फोटो काढायची. कॉलेजात असंच होतं म्हणायची. मला त्यांचं काही कळायचं नाही.

त्या यंत्राची खरी काळजी घेणारा एकच, शेख अन्वर. वायरलेस ऑपरेटर, पंचेचाळिशीचा, अंबडचा. घरी उर्दू, आमच्याशी मराठी. त्यानं यंत्राच्या बटणावर दवाखान्यातली चिकटपट्टी लावून ठेवली होती. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "बाई, बाकी सगळं तुमचं. या पट्टीला हात लावायचा न्हाई."

"का?"

"न्हाई म्हंजे बिलकुल न्हाई."

कारण त्यानं सांगितलं नाही. मीही परत विचारलं नाही. हुकमाचं कारण विचारायची सवय आम्हाला नव्हती.

माझ्याबरोबर सुमन असायची, माझ्याच तुकडीतली. जिभेला हाड नव्हतं तिच्या. अन्वर फुंकणीनं यंत्राची धूळ उडवत बसला की म्हणायची, "अन्वरभाई, भाभीला बी इतकं जपता का?"

"भाभीला बटण न्हाई, सुमनताई. असतं तर पट्टी कशाला लावली असती?"

"सांगू का भाभीला?"

"सांगा. मंग माझा डबा बी तुमीच आणा."

त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी आली. अन्वर एक वाजता नमाजला गेला. जाताना म्हणाला, "पूजा करा, नारळ फोडा, माझा परसाद ठेवा."

आता माझं चुकलं ते सांगते. बावीस वर्षं मी खंडेनवमीला शस्त्रपूजा केली होती. रायफल पूजेला ठेवायची तर मॅगझीन काढायचं, चेंबर रिकामं करून दाखवायचं, मगच कुंकू लावायचं. भरलेल्या शस्त्राची पूजा होत नाही, हे माझ्या अंगात भिनलेलं होतं. यंत्र पुसलं. वायरलेस सेटला कुंकू लावलं. मग वाटलं, यंत्राचा पंखा आत फिरतोय, कुंकू आत ओढलं जाईल. चालत्या यंत्राला हार घालणं बरोबर नाही. दहा मिनिटांचं तर काम.

सुमन म्हणाली, "पट्टीये तिथं, गयाबाई."

"मंग? परत लावता येती."

एक पंधराची ओळ छापून झाली. एक मीटर वीस. मी पट्टी काढली आणि बटण दाबलं. पंख्याचा आवाज खाली खाली जात थांबला. ती खोली इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. बाहेर ट्रकवाल्यांची गाणी लागली होती, ती एकदम जवळ वाटली.

आरती झाली, नारळ फोडला. बटण दाबलं. पंखा फिरला, पडद्यावर दोन ओळी आल्या आणि तिथंच थांबल्या. परत दाबलं. तेच.

अन्वर एक पन्नासला आला, निरोपही तेव्हाच आला. त्यानं दारातूनच विचारलं, "पट्टी कुणी काढली?"

"मी."

तो ओरडला नाही. यंत्राला कान लावला. दोनदा बटण दाबलं. मग म्हणाला, "आत एक तबकडी असती, बाई. तेरा वर्षं फिरून राह्यली होती. जुनी झालेली थांबली की जाम होती. म्हणून पट्टी."

"हे सांगितलं का न्हाई?"

"माझंच चुकलं," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं म्हणायला नको होतं.

तुम्ही विचाराल, भोंगा का नाही वाजवला. ऑगस्टमध्ये कुणी तरी घाबरून आकड्याशिवाय वाजवला होता. पुलावर पळापळ झाली, एका म्हातारीचा पाय मोडला, आणि पाणी आलंच नाही. तेव्हापासून हुकूम होता. आकडा नाही तर भोंगा नाही.

दोन बाराला अन्वरनं यंत्राशी झटणं सोडलं आणि वॉकीटॉकी घेतला. पुलाच्या खांबावर रंगानं पट्ट्या मारलेल्या आहेत, त्या डोळ्यांनी वाचायच्या होत्या. सुमनला शिट्टी देऊन त्याच्याबरोबर पाठवलं. सेट सोडून मला हलता येत नव्हतं. मी उभी राहिले, बसले, परत उभी राहिले.

दोन अठरा. "एक मीटर नव्वद. ओव्हर."

दोन बावीस. "दोन पंधरा. भोंगा द्या. ओव्हर."

भोंगा दिला. कंट्रोलला आकडा कळवला. खिडकीतून बघितलं. वाळूवरचं एकही माणूस हललं नाही. दोघांनी वर बघून हात केला आणि परत टायर घासायला लागले. ऑगस्ट त्यांच्याही लक्षात होता.

अन्वर वाळूवर उतरला. बोलताना त्याच्या वॉकीटॉकीचं बटण दाबलेलंच राहिलं असावं, मला सगळं ऐकू येत होतं.

"गाड्या वर घ्या. जल्दी."

"चाचा, आत्ताच साबण लावलाय. ऑगस्टात बी तुमी असंच केल्तं."

"ऑगस्टात आकडा न्हवता. आता आहे. दोन चाळीस. मागं बघ. आल्तास तो रस्ता दिसतो का तुला?"

मग इंजिनं सुरू झाल्याचे आवाज आले. सुमनची शिट्टी आली. मी खिडकीतून गाड्या मोजत होते. पाच. सात. पाणी चाकाच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं. दहा.

"गयाबाई, दहा गाड्या वर. एक राह्यली. सेल्फ घेईना. ओव्हर."

"गाडी सोडा. माणसं वर घ्या. ओव्हर."

"क्लीनर गेला वर. ड्रायव्हर स्टेरिंग सोडीना. मी आणतो त्याला. ओव्हर."

"तुम्ही वर या, अन्वरभाई. हा हुकूम आहे. ओव्हर."

"वायरलेसवाल्याला होमगार्डचा हुकूम लागत न्हाई, बाई." तो हसल्यासारखं वाटलं. "परसाद ठेवा. ओव्हर."

तेव्हा दोन वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती. त्यानंतर सेटवर त्याचा आवाज आला नाही. मी सात वेळा पुकारलं.

पुढचं सुमननं बघितलं. अन्वरनं ड्रायव्हरला केबिनमधून ओढून काढलं. काठावरच्या लोकांनी ताडपत्रीचा दोर फेकला. त्यानं दोर ड्रायव्हरच्या काखेतून बांधला. दोर एकच होता. ड्रायव्हरला ओढून घेतलं, तोवर पाण्याचा दुसरा लोंढा आला. ट्रक आडवा झाला आणि अन्वर त्याच्या पलीकडे गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो खालच्या अंगाला सापडला. वॉकीटॉकी शर्टाच्या आत होता.

चौकशी झाली. साहेब भला माणूस होता. म्हणाला, "वीज गेली होती असं लिहू का?" मी म्हणाले, "वीज गेली नव्हती. मी बटण दाबलं. तसंच लिहा." त्यांनी तसं लिहिलं. माझी सेक्शन लीडरची फीत गेली. पुढं तीन वर्षं साधी सैनिक म्हणून ड्यूटी केली.

चौथ्या दिवशी औरंगाबादहून एक इंजिनिअर आला. त्यानं यंत्र उघडलं, ती तबकडीची डबी काढली, तळहातावर धरली आणि मनगटानं एक झटका दिला. परत बसवली. यंत्र सुरू झालं. प्रिंटरनं ओळ छापली. वरची ओळ शुक्रवारची, तेरा पंधरा, एक मीटर वीस. तिच्याखाली थेट सोमवार.

"बघा," तो खूश होऊन म्हणाला. "अशी यंत्रं आता बनत नाहीत."

मी म्हणाले, "हा झटका द्यायला किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं."

"शुक्रवारी दोन वाजता मला कुणी हे सांगितलं असतं, तर?"

तो यंत्राचे स्क्रू बसवायला लागला. त्याचा काही दोष नव्हता.

ते यंत्र अजून चालू आहे. आता पुराची खबर मोबाइलवर येते, त्याच्या आकड्याची कुणाला गरज नाही. पण बंद करायला कुणी धजत नाही. नवीन पोरं येतात, जुनं सॉफ्टवेअर अजून चालतंय म्हणून कौतुक करतात, फोटो काढतात. दर खंडेनवमीला मी सकाळच्या एसटीनं शहागडला जाते आणि पूजा होईपर्यंत त्याच्यासमोर स्टुलावर बसते. पट्टी दरवर्षी नवी लावते. कौतुक मला नाही. मी पंखा ऐकते. घरी वीज जाऊन पंखा थांबला तरी मी उठून उभी राहते. सून म्हणते, बसा हो. बसवत नाही.

त्या दिवशी वाळूवर एकतीस माणसं होती. एकतीसही जगली. ट्रक न सोडणारा ड्रायव्हर मंठ्याचा होता, तो अजून गाडी चालवतो. सुमन जगली. मी जगले. शेख अन्वर जगला नाही.