पोळ्याचा बार

आमच्या गावात पोळा फुटतो तो माझ्या बंदुकीवर. बैल तोरणाखाली उभे राहतात अन् बार झाला की मंगच पुढं सरकतात. ठासणीची बंदूक आहे, लायसन आधी बापाचं, आता माझं. त्या दिवशी नळीत नुसती दारू ठासायची, छर्रा न्हाई. शाळा मी दुसरीत सोडली, पण या कामात मला कोणी शिकवू नये.

मागच्या साली मात्र चुकलो. भर पावसाळ्यात दारूच्या पुड्या प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवल्या. पिशवीला आतून घाम सुटला अन् दारू सादळली. तोरणाखाली चाप ओढला तर ठिणगी पाडणारी टोपी तेवढी वाजली, बार न्हाई. सरपंच माझ्या पुतण्याच्या वयाचा. म्हणला, "तात्या, बंदूक आता खुंटीला टांगा. पुढच्या साली फटाक्याची लड लावू." सारा गाव हसला. 

औंदा बांधावरच्या लिंबाचं मधाचं पोळं उतरवलं. मेण पातळ करायला बसलो तर बायको म्हणली, "पुरणाचं पातेलं घेतलं का तुम्ही?" घेतलं होतं. कागद मेणात बुडवून वाळवले, मंग चुलीपासून लांब, ओसरीत दारू भरली. घडीच्या कडा बोटानं मेण दाबून बंद केल्या. एक पुडी दिवसभर बादलीत बुडवून ठेवली. फोडली तर दारू राखेसारखी कोरडी.

पोळ्याला दुपारपासनं पाऊस लागला. सरपंच छत्री धरून लड घेऊनच आल्ता.

"एकच मोका तात्या. न्हाई वाजला तर लड."

"बराबर," मी म्हणलं.

बंदूक घोंगडीखाली धरून भरली. टोपीच्या कडेलाही मेण लावलं. नळी आभाळाकडं केली अन् चाप ओढला. असा बार झाला की मारुतीच्या देवळावरची कबुतरं पार नदीपल्याड गेली. बैल बिचकले अन् तोरणाखालून निघाले.

सरपंच जवळ आला. "दारू कुठनं आणली?"

"दारू तीच. कागद माझा."

 भिजू नये म्हणून लड त्यानं सदऱ्याखाली घेतली होती.

"दिवाळीला लाव," मी म्हणलं, अन् बंदूक खांद्यावर टाकून बैलांच्या मागं निघालो.